कर्करोगजन्य की कर्करोगजनक?

वाचनवेडी: फॉर्मॅल्डिहाइड या झोंबऱ्या वायूवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. बातम्यांत 'कर्करोगजन्य रसायने' वाचलंय, तसंच लिहिलं. संपादकांनी लाल फुली मारली. का?

जुना मास्तर: फुली योग्यच. 'जन्य' म्हणजे त्यापासून जन्मलेलं. पाण्यातून होतो तो जलजन्य आजार. त्या हिशेबाने कर्करोगजन्य रसायन म्हणजे कर्करोगातून निघालेलं रसायन! बापाला लेक केलंत. रसायन कर्करोगजनक, त्यामुळे झालेला रोग रसायनजन्य.

चिमणराव: लोकांना कळतंय ना? मग चालू द्या की.

जुना मास्तर: 'धूम्रपानजन्य कर्करोग' आणि 'कर्करोगजन्य धूर' एकाच परिच्छेदात आले की बघू काय कळतं ते.

पिंजरेवाला: मी प्रयोगशाळेत प्राणी सांभाळतो. 'उंदीर' कसा लिहिलात तेही बघा. १९८०च्या सुमारास अमेरिकेत रॅट आणि माउस दोघांनाही २४ महिने रोज सहा तास, आठवड्याचे पाच दिवस, फॉर्मॅल्डिहाइडच्या हवेत ठेवलं होतं. दशलक्ष भागांत सुमारे १४ भाग एवढ्या मात्रेला जवळजवळ निम्म्या रॅटना नाकाच्या पोकळीत कर्करोग झाला. कर्करोग झालेले माउस मात्र दोनच सापडले. वायू झोंबला की माउस श्वास बराच कमी करतो, त्यामुळे नाकात कमी जातं. मराठीत दोघंही उंदीर, म्हणजे 'उंदरांना झाला आणि उंदरांना झाला नाही'! घूसही लिहू नका, तो वेगळाच प्राणी.

वाचनवेडी: अरे देवा. आणि 'रेस्पिरेटरी ट्रॅक्ट ट्यूमर्स'चं मी 'फुफ्फुसातल्या गाठी' केलंय.

पिंजरेवाला: बदला! हे प्राणी नाकानेच श्वास घेतात, म्हणून पहिला मार नाकाला. 'श्वसनमार्गातील अर्बुदे' म्हणा, त्यात नाकापासून फुफ्फुसापर्यंत सगळं आलं.

चिमणराव: अर्बुद? म्हणजे दहा कोटी ना?

जुना मास्तर: तेही, आणि अबूचा डोंगरही. पण सुश्रुताच्या निदानस्थानात अर्बुद म्हणजे वाढत जाणारी, न पिकणारी गाठ. गळू पिकतं, हे पिकत नाही. नुसतं 'गाठ' म्हटलं तर काखेतली अवधाणाची गाठही त्यातच येते.

वाचनवेडी: मग असं केलंय: 'कर्करोगजनक फॉर्मॅल्डिहाइड हुंगलेल्या रॅटच्या नाकपोकळीत अर्बुदे वाढली, माउसमध्ये क्वचितच.' 'रॅटच्या' की 'रॅट्सच्या'?

जुना मास्तर: 'रॅटच्या'. तो इंग्रजी 'स' पिंजऱ्यातच राहू दे.