दगडाच्या आत समुद्री किडा, दुसरा दगड कसा फोडू?

राजवाडा_इंदूर: नमस्कार मंडळी. माझा भाचा शिकागोजवळ राहतो, त्याने तिथल्या मेझॉन क्रीक या जीवाश्मांच्या जागेचे दोन दगड आणलेत. तळलेल्या गराडूच्या (आपल्याकडचा कंद) फोडीसारखे, तांबूस आणि चपटे. एक आधीच उघडलेला आहे आणि आत बोटाएवढा किडा, अंगाचे वेढे मोजता येतात, दोन्ही फाकांत आरशासारखा तोच ठसा! हाड नाही, शिंपला नाही, मग हा टिकला कसा? आणि दुसरा बंद आहे तो हातोडीने फोडू का?

माळवा_माती: दादा थांबा, हातोडी नका लावू!! वेडावाकडा फुटला की आतला ठसा गेलाच समजा. चार-पाच दिवस पाण्यात भिजवा, मग पाण्यासकट प्लास्टिकच्या डब्यात फ्रीजरला ठेवा, गोठला की बाहेर काढून वितळू द्या, आणि पुन्हा तेच. पाणी गोठताना फुगतं आणि दगड आतल्या नाजूक थरावरच उकलतो, कारण मेलेल्या जिवाची जागा तिथेच असते. तिकडचे लोक हिवाळ्यात बादलीभर दगड अंगणात ठेवून देतात, आपल्या इंदूरला तेवढी थंडी कुठली. बरेच दगड आतून रिकामे निघतात हेही सांगून ठेवतो.

नर्मदाकाठ: टिकला कसा ते सांगते. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी तिथे नदीचं मुख होतं, गाळ भराभर पडायचा आणि किडा पुरला गेला. तो कुजायला लागला तेव्हा बॅक्टेरियांमुळे जो कार्बन डायऑक्साइड निघाला तो गाळातल्या पाण्यातल्या लोखंडाशी जुळून सिडेराइट हे लोखंडाचं खनिज झालं, म्हणजे कुजण्यानेच स्वतःभोवती दगडी पेटी बांधली! मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता. भिंग लावून डोक्याकडे बघा, काही जातींत जबडेही दिसतात. फ्रान्सिस टली यांना सापडलेला टली मॉन्स्टर हा विचित्र प्राचीन प्राणीही मेझॉन क्रीकचाच, १९६६ साली त्याला नाव मिळालं आणि तो नेमका कोणत्या गटातला यावर अजून वाद चालू आहे.

माळवा_माती: ताई मस्त सांगितलंत. आणि दादा, समुद्र आपल्याकडेही होता हं. धार जिल्ह्यात बाघला जाऊन बघा, क्रेटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळात, नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्र आत आला होता, चुनखडीत प्राण्यांनी केलेली बिळं दिसतात. फक्त बघून या, काही उचलून आणू नका.

राजवाडा_इंदूर: ताई, दादा, खूप आभार. भिंगाने बघितलं, एका टोकाला दोन काळे ठिपके आहेत, जबडेच असावेत का? दुसरा दगड आत्ताच भिजत घातला, आईला सांगितलंय डबा हलवू नकोस म्हणून. फोटो टाकतो.