अकरावी कॉमर्सचा वर्ग आवरत नाही, काय करावं?

पुस्तपालन_ऐरोली:
ऐरोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला पुस्तपालन (बुककीपिंग) शिकवते. तुकडीत ८० मुलं, तास ४० मिनिटांचा. मागच्या बाकांवर गप्पा आणि मोबाईल चालूच. ओरडलं की दोन मिनिटं शांतता, मग पुन्हा तेच. बाहेर काढलं तर कॉरिडॉरमध्ये दंगा. शिवाय लोकल चुकली म्हणून उशिरा येणारे. उपाय सुचवा.

खडू_फळा, ठाणे:
मॅडम, वर्ग हातातून जातो तो हजेरीच्या वेळी. ८० नावं पुकारेपर्यंत मुलांना काहीच काम नसतं. आत शिरल्या शिरल्या फळ्यावर एक व्यवहार लिहा: ‘१०,००० रुपयांचा माल १० टक्के व्यापारी सूट मिळवून उधारीवर खरेदी केला’. रोजकीर्दीत (जर्नलमध्ये) नोंद करायला चार मिनिटं द्या. व्यापारी सूट हिशेबाच्या पुस्तकात दाखवत नाहीत, नोंद ९,००० चीच होते. बरीच मुलं तिथे अडकतात, त्यामुळे बोलणं झालं तरी विषयावरच होतं. तेवढ्या वेळात बाकांमधून फिरत, कोण कुठे बसतं त्या तक्त्यावर हजेरी मांडा. त्यासाठी रोल नंबरने जागा ठरवून घ्या.

आवाज चढवू नका, मुलं त्याच्या वर बोलतात. वाक्य अर्ध्यावर थांबवा, त्या बाकाशी जाऊन उभ्या राहा आणि पुढचं तिथूनच शिकवा. नाव घेऊन सगळ्यांसमोर वाद तर नकोच. सोळा-सतराव्या वर्षी मित्रांदेखत माघार घेणं जड जातं, मग मुलगा मुद्दाम ताणतो. ‘तासानंतर भेट’ एवढंच, हळू आवाजात.

वर्गशिक्षक_वाशी:
जागा ठरवाव्यात हे पटतं, पण रोल नंबरने नको. शेजारी कोण येईल ते नशिबावर राहतं, कधी टोळी एकत्रच पडते. तक्ता स्वतः करा, संपूर्ण वर्ग हलवा, म्हणजे चौघांनाच शिक्षा झाली असं दिसत नाही. दाराजवळचं एक बाक उशिरा येणाऱ्यांसाठी मोकळं ठेवा. त्यांनी गुपचूप बसायचं, कारण तासानंतर सांगायचं.

बाहेर काढणं बंद करा. ज्याला तास नकोच आहे त्याला ती सुट्टी वाटते, आणि तासाच्या वेळेत त्याची जबाबदारी तुमचीच असते. हात उगारणं, अपमान करणं कटाक्षाने टाळा. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असला तरी बाल न्याय कायदा, २०१५ अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना लागू आहे.

पुस्तपालन_ऐरोली:
प्रकल्पाचे २० गुण कापेन असं सांगितलं तर?

खडू_फळा, ठाणे:
नको. ते गुण कामाचे आहेत, वागणुकीचे नाहीत. आणि धमकी एकदा फुसकी निघाली की पुढचं काहीच कोणी मनावर घेत नाही. त्यापेक्षा बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट धरा. दर महिन्याला प्रत्येकाचा आकडा लेखी द्या, कमी असेल तर पालकांची सही मागवा. ऑगस्टमध्येच सुरू करा. जानेवारीत पालकांना बोलावलं तर भरून काढायला दिवसच उरलेले नसतात.