‘बंधन’ म्हणावं की ‘पकड’?

कोरापान: एका विज्ञानलेखाचा अनुवाद करतेय. मसुद्यात वाक्य असं उतरलंय: ‘प्रथिनाचे कार्य त्याची रचना व बंधन यांवर अवलंबून असते.’ वाचणाऱ्या पहिल्याच व्यक्तीने विचारलं, ‘कुणाचं बंधन? कशाला बंधन?’ बाइंडिंगला दुसरा शब्द आहे का?

वेलांटी: अडचण खरी आहे. रसायनशास्त्रात ‘बंध’ हा शब्द आधीच कामाला लागलाय. अमिनो आम्लं एकमेकांना पेप्टाइड बंधाने जोडलेली असतात. तो तोडायला तीव्र आम्ल नाहीतर विकर (एन्झाइम) लागतं. प्रथिन दुसऱ्या रेणूला धरतं ते बहुतेक वेळा तसं नसतं. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांची ओढ, पाणी टाळणारे भाग एकमेकांना चिकटणं, असे बारीकसारीक जोर एकत्र येतात आणि तितक्याच सहज सुटतात. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन फुप्फुसात धरायचा आणि पेशींजवळ सोडायचा. सोडता आलं नाही तर धरून उपयोग काय? कार्बन मोनॉक्साइडला तेच हिमोग्लोबिन ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट धरतं, म्हणून तो वायू जीवघेणा. ‘बंधन’ घट्ट-सैल होताना कानाला बरं वाटत नाही. ‘पकड’ घट्ट असते, सैल असते, सुटते. मी ‘पकड’ म्हणेन.

जुनापाठ: असहमत. प्रथिन ज्या रेणूला धरतं त्याला लिगँड म्हणतात, आणि तो शब्दच लॅटिनमधल्या ‘बांधणे’ या धातूवरून आलाय, म्हणजे ‘बंधन’ मुळाला धरून आहे. शिवाय पकडीत एक पकडणारा आणि एक पकडला जाणारा असतो. एमिल फिशरने 1894 साली विकरासाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली; कुलूप किल्लीला पकडतं असं आपण म्हणतो का?

वेलांटी: नाही म्हणत, आणि ती उपमा तिथेच अपुरी पडते. 1958 मध्ये कोशलंडने मांडलं की रेणू आत आला की विकर स्वतःचा आकार बदलून त्याच्याभोवती बसतं. मूठ आवळावी तसं. (आणि पकड नावाचं हत्यारही आहेच की! जबडा खिळ्यावर, जोर दांड्याचा. प्रथिनातही रेणू ज्या खोबणीत बसतो ती लहानशी असते. बाकीचा मोठा पसारा त्या खोबणीचा आकार सांभाळायला.)

कोरापान: ‘खोबण’ आवडला, घेतला. पण मग ‘रचना’ चालेल ना?

उभा_दंड: चालेल, पण फोल्डिंगसाठी, म्हणजे साखळी दुमडून ठरावीक आकार घेते त्यासाठी, ‘घडी’ सोडू नका, हा माझा हट्ट. मराठीत घडी बसते, मोडते, विस्कटते. संसाराची घडी विस्कटते तेव्हा माणसं तीच असतात, जागा चुकलेल्या असतात. प्रथिनाचंही अगदी तेच. आन्फिन्सेन या शास्त्रज्ञाने रायबोन्यूक्लिएज नावाचं विकर घेतलं: 124 अमिनो आम्लांची साखळी, तिच्यात 8 सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) आणि त्यांच्या जोड्यांचे 4 गंधक-पूल. युरिया आणि पूल तोडणारं रसायन घालून घडी पुरती विस्कटली, काम बंद. साखळी मात्र अखंड. दोन्ही रसायनं काढून टाकली, हवेतल्या ऑक्सिजनने पूल पुन्हा जुळू दिले, तर घडी आपोआप बसली आणि काम परत सुरू! 8 सिस्टीनच्या जोड्या 105 प्रकारे लागू शकतात, त्यातली नेमकी एक लागली. पण युरिया तसाच ठेवून आधी पूल जुळवले तेव्हा जोड्या भलत्याच लागल्या आणि काम जेमतेम एखादा टक्का. 1972 च्या नोबेलमागे हेच काम. इथे घडी विस्कटण्याला ‘विकृती’ लिहिलंत तर वाचकाला वाटेल, प्रथिन कायमचं बिघडलं.

जुनापाठ: घडी मान्य. मग सिकलसेल या रक्ताच्या आजारातही घडीच विस्कटते असं लिहायचं का?

वेलांटी: नको, तिथे तर अजिबात नको. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, इतकाच फरक. घडी जवळपास जशीच्या तशी. पण व्हॅलिन पाणी टाळणारं, आणि ऑक्सिजन सुटल्यावर ते शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत चपखल बसतं. त्याला पुढचा, त्याला आणखी पुढचा, असे लांबच लांब धागे तयार होतात आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. घडी शाबूत, पकड नको तिथे. ‘रचना बिघडली’ लिहिलंत तर दोन्ही गोष्टींचा काला होईल.

जुनापाठ: हे उदाहरण आधी द्यायचं ना. ‘पकड’ घ्या.

उभा_दंड: एक पुरवणी. ‘आधी घडी, मग पकड’ असा क्रम ठाम लिहू नका. काही प्रथिनांना एकटं असताना ठरावीक घडीच नसते. जोडीदार मिळाला की बसते. काहींची तेव्हाही पुरती बसत नाही, तरी काम चालतं.

कोरापान: नवं वाक्य: ‘प्रथिनाची घडी कशी बसते आणि ते कशावर, किती घट्ट पकड घेते, यावर त्याचे काम ठरते.’ आता ‘किती घट्ट’ हे मोजतात कसं, तेही एका ओळीत हवंय.

वेलांटी: निम्म्या खोबणी भरायला रेणूची किती संहती (द्रावणातलं प्रमाण) लागते ते बघतात. आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट. हे उलटं आहे, वाचकाला आधीच सांगून ठेवा.

जुनापाठ: आणि लिगँडला ‘बंधक’ करू नका, ओलीस ठेवल्यासारखं वाटतं. लिगँडच राहू द्या.