अनुभव धागा: रोलच्या छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश, कुठला मोड कधी?

सुरुवात ऑलिंपस म्यू-२ पासून करते. पुढचं झाकण लावलं की त्याचा फ्लॅश पुन्हा ऑटोवर जातो. त्यामुळे फ्लॅश नको असेल तर दर वेळी झाकण उघडल्यावर बटण दाबत बंदचं चिन्ह आणायचं. चिन्ह बघूनच थांबा, अंदाजाने नको. आपापल्या कॅमेऱ्याचं लिहा.

रोलभाऊ: आधी पल्ला. म्यू-२ चा फ्लॅश १०० आयएसओच्या (रोलची उजेड टिपण्याची क्षमता) रोलवर साधारण ४ मीटर पोचतो, ४०० वर साधारण ८. सभागृहात मागच्या रांगेतून स्टेजवर मारलेला फ्लॅश फक्त पुढच्यांची डोकी उजळतो. रोलच्या डबीवर डीएक्स कोड (कॅमेऱ्याला आयएसओ सांगणारे काळे-चंदेरी चौकोन) नसेल तर हा कॅमेरा १०० धरतो, हेही लक्षात ठेवा.

काळीपांढरी: चेहरे पांढरेफटक येण्याचं खरं कारण बहुतेक वेळा फोकस. असे बरेच कॅमेरे फोकसचं अंतर बघून फ्लॅशसाठी अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) ठरवतात. दोघं शेजारी उभे असले की व्ह्यूफाइंडरमधली मधली खूण त्यांच्यामधून मागच्या भिंतीवर जाते. कॅमेऱ्याला वाटतं माणसं लांब आहेत, अ‍ॅपर्चर मोठं उघडतं, आणि चेहरे धुऊन निघतात, वर धूसरही येतात. खूण एकाच्या चेहऱ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून धरा, मग फ्रेम लावा. उजेड मऊ करायला फ्लॅशवर टिश्यू चिकटवणाऱ्यांनो, या पद्धतीत कॅमेऱ्याला तो टिश्यू कळत नाही. फोटो अंधारा येणार.

दुपारचं ऊन: फिल-इन (उजेड असला तरी फ्लॅश पाडणारा मोड) लोक वापरतच नाहीत! डोक्यावर ऊन असताना उजेड भरपूर म्हणून ऑटो गप्प बसतो, आणि टोपीखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे. फिल-इन लावा, दोनेक मीटरवर या. भर उन्हात अ‍ॅपर्चर बारीक होतं, त्यामुळे लांबून उपयोग नाही.

तीनपाय: आकाशकंदील, रोषणाई आणि समोर माणूस असेल तर नाइट सीन. फ्लॅश माणसाला उजळतो, शटर मात्र मागच्या उजेडासाठी उघडं राहतं, म्यू-२ वर ४ सेकंदांपर्यंत. ट्रायपॉड किंवा कठडा हवाच. 'फ्लॅश पडला तरी हलू नका' हे आधी सांगा, नाहीतर माणसामागे भुतासारखी सावली.

रेड-आय मोडचंही (फ्लॅशने डोळे लाल येऊ नयेत म्हणून असतो तो) तेच, आधी सांगावं लागतं. आधी बारीक लुकलुक होते, लोकांना वाटतं झाला फोटो, आणि खऱ्या फ्लॅशला मान वळलेली. त्यापेक्षा खोलीतले दिवे लावा आणि जवळ जा.

सेलवाला: दोन पेन्सिल सेलवाल्या साध्या कॅमेऱ्यात तयारीचा दिवा बऱ्याचदा पूर्ण चार्ज व्हायच्या आधीच लागतो. दिवा लागल्यावर दोन-तीन सेकंद थांबा. दिव्याला फार वेळ लागू लागला की सेल बदला. आणि कॅमेऱ्याचे स्क्रू काढून तो आतून उघडू नका. सेल काढले तरी फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास शिल्लक असू शकतात.