प्रेरणा घ्या, पण पर्स बाहेर ठेवा

कार्डवाल्याचा_पोरगा

परवा इथंच एका ताईंनी लिहिलेलं वाचलं. सारांश असा, की चित्र सुचत नसेल, हात अडला असेल तर घरात बसू नका, रविवारी गावातल्या कलाकारांकडे चक्कर मारा. सोलापुरात गल्लोगल्ली विणकर आहेत, मूर्तिकार आहेत, कुणी हाकलत नाही, उलट चहा पाजतात. प्रेरणा मोफत मिळते. खाली बदामांची रास.

'मोफत' हा शब्द डोक्यात गेला, म्हणून लांबलचक लिहितोय.

आमच्या घरी जेकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, नक्षीचं काम चालतं. वडील चौकटीच्या कागदावर लाल पोस्टर कलरनं एकेक चौकट भरतात. ढोबळ सांगायचं तर आडवी एक ओळ म्हणजे बाण्याचा (आडवा) एक धागा आणि त्या ओळीचं एक कार्ड. ओळ वाचत वाचत कार्डाला भोकं पाडायची. भोक असेल तिथला ताणा (उभा धागा) वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक चौकट चुकली तर ती चूक प्रत्येक चादरीत, प्रत्येक मोराच्या मानेवर, त्याच जागी येणार.

गेल्या दिवाळीआधी अकरा जण आले. फोन नाही, काही नाही. आमची पुढची खोली दहा बाय बारा. एका बाईंनी बोलता बोलता पर्स ठेवली ती थेट ओल्या कागदावर. उचलताना ओढली. चौदा ओळी फरफटल्या. वडील म्हणाले, असू द्या, असू द्या. आईनं अकरा कप चहा केला. मंडळी गेल्यावर माणूस भिंग लावून रात्री दीडपर्यंत त्या चौदा ओळी पुन्हा काढत बसला.

पुढच्या आठवड्यात फोटो आला. वडील बनियनवर, मागं दोरीवर आमचे कपडे, खाली ओळ : 'एका ज्येष्ठ कारागिराची साधी राहणी, केवढी प्रेरणा!' नाव नाही. आणि साधी राहणी कसली बे, लाइट गेली होती.

रविवारचा_कुंचला

त्या ताई म्हणजे मीच. आधी स्पष्ट करते, पर्सवाली मी नव्हे. मी पिशवी वापरते.

तुमच्या वडिलांना त्रास झाला ते वाईटच. पण अकरा माणसांच्या वरातीवरून सगळ्यांना झोडपणं बरं नाही. मी एकटी जाते, विचारून जाते. श्रावणात एका मूर्तिकाराच्या शेडमध्ये कोपऱ्यात दोन तास बसले होते. डोळ्यांची आखणी चालली होती. त्यांनी आधी पोराला पंखा बंद करायला सांगितला. मग कुंचला बुडवला, टोक अंगठ्याच्या नखावर फिरवून जास्तीचा रंग काढला, श्वास सोडला आणि रिकाम्या छातीनं एका दमात पापणीची रेघ ओढली. मी वीस वर्षं श्वास भरून, रोखून रेघ मारत होते. म्हणूनच ती थरथरायची. हे मला कुठल्या क्लासात शिकवलं असतं?

आणि मोफतचं म्हणाल तर सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या वेळी अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाला नंदीध्वज निघतात, त्या वाटेवर आम्ही बायका पहाटेपासून रांगोळी घालतो. काही तासांत तुडवली जाते. कुणाकडे बिल मागितलंय का?

कार्डवाल्याचा_पोरगा

रांगोळी सिद्धेश्वराला घालता. चादर पोटाला विणतात. फरक आहे.

ड्रॉइंगमास्तर_निवृत्त

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आता पोरं मोबाइलवरचं चित्र समोर ठेवून जशाच्या तसं उतरवतात आणि त्याला सराव म्हणतात. काम करणारा हात पाहिलेलाच नाही. मी दरवर्षी वर्ग घेऊन एका मागाच्या कारखान्यात जायचो. आत खडखडाट इतका, की कामगार हाताच्या खुणांनी बोलतात. एका मुलानं नुसत्या त्या खुणांची अख्खी वही भरली. पुढं काय झालं त्याचं? बँकेत लागला. असो. मुद्दा असा, की ज्या जिल्ह्यात चित्रकार एम. एफ. हुसेन जन्मले तिथं मुलांना कलाकार दाखवायला लाज कसली?

विजापूर_वेस

आले का हुसेन! मास्तर, जन्म पंढरपूरचा 1915 चा, वाढले इंदूरला, सिनेमाची होर्डिंगं रंगवली मुंबईत. आपला वाटा पाळण्यापुरता. आणि वर्ग घेऊन जायचात म्हणता, किती पोरं? चाळीस? कारखानदाराला विचारलंत कधी, त्या दिवशी किती मीटर कापड कमी निघालं?

ड्रॉइंगमास्तर_निवृत्त

बेचाळीस. आणि हो, विचारलं नाही.

घाऊक_उधार

चहा आणि पर्स सोडा. खरा घात फोटोत आहे आणि त्यावर कुणी बोलेना. मागावरची नवी नक्षी प्रेरणावाल्यांनी टाकली इंटरनेटवर, की ती पानिपतला पोचलीच म्हणून समजा. तिकडून हलक्या सुतात निघते आणि 'सोलापुरी चादर' म्हणून आपल्याच बाजारात येते, निम्म्या भावात. धुतली की आखडते, आणि गिऱ्हाईक शिव्या कुणाला घालतं? सोलापूरला. जीआय, म्हणजे ते भौगोलिक मानांकन, घेऊन काय पूजा करायची?

पूर्वभागकर

फोटोतनं पानिपतला जाते म्हणे! अण्णा, फोटो लांबचा झाला. आमच्या घरनं एका व्यापाऱ्यानं नमुन्याला म्हणून एक चादर नेली. ऑर्डर देतो म्हणाला, आलीच नाही. सात-आठ महिन्यांनी तुळजापूरला दर्शनाला गेलो तर दुकानात तीच नक्षी, तेच कमळ. पाकळीच्या टोकाला आमच्याकडून एक धागा चुकला होता, ती चूकसुद्धा जशीच्या तशी! कॉपी करणाऱ्यानं चूकही इमानदारीनं विणली. आता बोला, घात कुणी केला?

घाऊक_उधार

एका व्यापाऱ्यावरून सगळ्यांना चोर ठरवू नका. सूत उधारीवर कोण देतं तुम्हाला? दिवाळीला उचल कोण देतं?

पूर्वभागकर

आणि ती वळती करताना हिशोब कोण लिहितं, तेही सांगा की. नावातच उधार आहे तुमच्या.

माउसवाला_डिझायनर

भांडण चांगलं रंगलंय, पण दोघांची गल्लत होतेय. जीआय 2005-06 मध्ये मिळालं ते 'सोलापुरी चादर' या नावाला. नक्षीला नाही. पानिपतवाल्यानं तुमचं कमळ विणून दुसऱ्या नावानं विकलं तर जीआय तोंडात बोट घालून बघत बसणार. नक्षी वाचवायची असेल तर 2000 चा डिझाइन कायदा आहे. नोंदणी केली की दहा वर्षं संरक्षण, पुढं आणखी पाच वाढवून मिळतात. मेख एवढीच, की नोंदणीला अर्ज करताना नक्षी नवी लागते, आधी कुठं प्रसिद्ध झालेली चालत नाही. म्हणजे प्रेरणावाल्यांनी अर्जाआधी फोटो टाकला तर दावाच लंगडा.

आणि राहवत नाही म्हणून विचारतो, हल्ली चौकटीचा कागद हातानं कोण भरतं बे? संगणकावर तासाभरात होतं. इलेक्ट्रॉनिक जेकार्डला कार्डच लागत नाहीत.

कार्डवाल्याचा_पोरगा

ज्यांचे माग जुने आहेत, ते भरतात. नवं जेकार्ड घ्यायला पैसे तुम्ही द्या, उद्या कागद बंद करतो.

पूर्वभागकर

वर्षाला वीस नक्ष्या काढायच्या आणि वीस अर्ज करायचे? चार मागवाला हे करणार? माग कोण चालवणार, वकील?

घाऊक_उधार

यावर मात्र पूर्वभागकरांशी सहमत. नाइलाजानं.

विजापूर_वेस

चोरी चोरी काय करायलाय सगळे? कोयरी आपल्या आजोबांनी शोधली का? मोर काय सोलापूरच्या बापाचा? बघून बघूनच शिकले सगळे. जेकार्ड तरी कुठलं, 1804 च्या सुमाराला एका फ्रेंच माणसानं काढलेलं यंत्र, त्याच्याच नावानं आजपर्यंत खडखडतंय. आपण दुसऱ्याचं घेतलं की परंपरा, आपलं कुणी घेतलं की दरोडा.

पूर्वभागकर

मोर घे की! मोर सगळ्यांचा आहे. माझा चुकलेला धागा कशाला नेतोस?

शेंगाचटणी

सगळ्यांना एकच प्रश्न. आत्ता तुमच्या पलंगावर काय पांघरायला आहे? खरं सांगा.

माउसवाला_डिझायनर

चायना ब्लँकेट. मऊ असतं.

ड्रॉइंगमास्तर_निवृत्त

चादर आहे. लग्नातली. कपाटात.

घाऊक_उधार

हा प्रश्न गैरलागू आहे.

रविवारचा_कुंचला

मूळ विषयाची पार चादर करून टाकलीत सगळ्यांनी. पुन्हा सांगते, नक्षी चोरायला कुणी जात नाही. त्या मूर्तिकाराचा एकही गणपती मी काढला नाही. मी आणली ती श्वासाची रीत. ती घेतली म्हणून त्यांच्याकडची कमी झाली का? दारं बंद करून बसलात तर उद्या तुमच्या वडिलांचं काम असं असं असतं, हे सांगणारंसुद्धा कुणी उरणार नाही. तुम्ही स्वतः भरता का तो कागद?

कार्डवाल्याचा_पोरगा

नाही. मी होटगी रोडला नोकरी करतो. वर्मी लागलं, मान्य. पण मी भरत नाही म्हणून दुसऱ्यानं त्यावर पर्स ठेवावी, असा अर्थ होत नाही.

बरं, ऐका. या. पण रविवारी नको, त्या दिवशी वडील कान साफ करतात आणि कुणाशी बोलत नाहीत. आधी फोन. दोघं, फार तर तिघं. कागदाचा आणि मागावरच्या कापडाचा फोटो नाही. वडिलांचा काढा, पण शर्ट घालू द्या, आणि खाली नाव लिहा. चहा तुमच्याकडून, कोपऱ्यावर टपरी आहे. आणि 'साधी राहणी' लिहिलंत तर इथं येऊन पुन्हा भांडीन.

रविवारचा_कुंचला

'मोफत' शब्द मागे घेते. बाकी एक अक्षरही नाही. बुधवारी चालेल?

कार्डवाल्याचा_पोरगा

चालेल. सकाळी दहानंतर. पंखा आधीच बंद असतो, वर बघून प्रेरणा घेऊ नका.

विजापूर_वेस

आणि मास्तरांना नेऊ नका, बेचाळीस जण घेऊन येतील.

हल्ली_मुक्काम_पुणे

तीन दिवस गप्प वाचतोय. दिवाळीला गावी आलो होतो तेव्हा त्या अकरात आम्ही दोघंही होतो. पर्स आमच्या मंडळींची. तिला त्या वेळी कळलंच नाही, घरी येऊन बघते तर तळाला लाल चौकटीच चौकटी. ओळी फरफटल्याचं इथंच वाचलं. तुमच्या वडिलांना कसं तोंड दाखवायचं ते सांगा. मोबदला द्यायला तयार आहे. पर्स पांढरी होती, महागाची होती, डाग घासूनही जात नाही, पण तो मुद्दा नाही.

कार्डवाल्याचा_पोरगा

पोस्टर कलर आहे, पाण्यानं जातो. कोरडं घासत बसलात का? आणि जायच्या आधी त्या चौकटी मोजा. चौदाव्या ओळीत वडिलांना अजून दोनाचा हिशोब लागत नाहीये.