पेशींवरची चाचणी नेमकं काय सांगते?

‘पेशींवर तपासलेला डाएट शेक निर्धास्त प्या’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते बघणारी) चाचणीत जिवंत पेशी पिवळं रसायन जांभळं करतात. जांभळा फिका, म्हणजे पेशी मेल्या किंवा मंदावल्या. पण डीएनएला इजा झाली का, हे त्यात कळत नाही. त्याला कॉमेट किंवा मायक्रोन्यूक्लियस चाचणी लागते. शिवाय शेकची पावडर आधी कृत्रिम पाचकरसातून जायला हवी, मगच आतड्याच्या पेशींवर तपासायला हवी, कारण पोटात ती पचूनच पुढे जाते. आपल्या सोलापुरातली जिमची पोरं भाकरी सोडून दोन्ही वेळा हेच पितात, जीव तुटतो हो! डब्यावर कृत्रिम गोडव्याचे क्रमांक असतात: ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९५१ म्हणजे अॅस्पार्टेम. अॅस्पार्टेमची ४० मिलिग्रॅमची मर्यादा (रोज, वजनाच्या किलोमागे) त्या एकट्या पदार्थाची आहे. अख्खं मिश्रण तपासलंय का, ते कंपनीला विचारा.