मदत हवी आहे: सौरज्वाला (सूर्यावर अचानक होणारा ऊर्जेचा स्फोट) नववीच्या पोरांना कशी दाखवू?

नमस्कार मंडळी. परभणीकडच्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. सूर्याचा विषुववृत्ताजवळचा भाग साधारण 25 दिवसांत फिरतो, ध्रुवाकडचा 35च्या आसपास. म्हणून चुंबकीय रेषांना पीळ बसतो, हे दावं वळून दाखवलं. पीळ जास्त झाला की दाव्याला वेटोळं उठतं, तशाच कमानी सौरडागांवर, म्हणजे सूर्यावरच्या काळ्या डागांवर, उठतात. या कमानींतल्या रेषा तुटून दुसऱ्या रेषांना जोडल्या गेल्या की सौरज्वाला भडकते, असं सांगितलं. (दावं बैलाचं होतं, घरी बोलणी खाल्ली.)

मग मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, दावं तुटलं की संपलं. रेषा तुटून दुसरीलाच जोडल्या जातात, अन् त्यातून एवढी ऊर्जा निघती कशी?" ताणलेलं रबर सोडून दाखवलं, पण ते पुन्हा जोडलं जात नाही ना! ही पुनर्जोडणी दाखवायचा स्वस्तातला प्रयोग कुणाकडं आहे का? सोमवारी तास आहे.